पिवळं आणा, काळं न्या

गाडीचं ऑईल बदलायला पंधरा मिनिटं लागतात. मला त्यासाठी एक अख्खा रविवार, शेजारची तीन घरं आणि एक म्हैस लागली.

आधी माझी लायकी सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला धक्का बसायचा नाही. इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षं नोकरी केली. ऐकायला बरं वाटतं ना? पण मी होतो स्टोअरला! पाने, बोल्ट, वायसर, ग्रीसचे डबे मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. कुठला पाना किती नंबरचा, हे मी डोळे झाकून नुसत्या वजनावर सांगेन. तो फिरवायचा कुठं, हे ज्यानं नेला त्याला ठाऊक. पण आमच्या उचगावच्या गल्लीत एवढा बारीक फरक कोण करतंय? सकाळी डबा घेऊन कारखान्यात जातो म्हणजे इंजिनियर. मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. (लोक एवढ्या प्रेमानं म्हणतात, मन कशाला मोडा?)

आणि अगदीच पोकळ थापा नव्हत्या हो! नव्वद सालानंतरची पाच-सहा वर्षं माझ्याकडं एक जुनी जीप होती आणि तिचं ऑईल मी स्वतः बदलायचो. जीप एवढी उंच, की तिच्याखाली पाट मांडून दोन माणसं जेवली असती. खाली सरकलं की एकच ठळक बोल्ट. तो सोडला की काळंभोर ऑईल धो धो घमेल्यात. फिल्टर हाताशी, नवीन ऑईल ओतायचं भोक तांब्याच्या तोंडाएवढं. हात धुऊन आत यावं तर ठेवलेला चहा अजून गरम असायचा.

ते काढलेलं ऑईल टाकून द्यायची मात्र आमच्याकडं पद्धत नाही. जळकं ऑईल म्हणजे गल्लीचा हक्क! चौकटीला वाळवी लागली, लाव जळकं ऑईल. म्हशीला गोचीड झाले, चोळ जळकं ऑईल. दुकानाचं शटर कुरकुरतंय, सोड जळकं ऑईल. मी जीपखाली शिरलो की गल्ली बाटल्या, डबे, किटल्या घेऊन दारात हजर. बोल्ट सुटायच्या आधी वाटणी ठरलेली असायची. त्या दिवशी माझा रुबाब काय सांगू, लग्नात वाढप्याचा असतो तसा!

मग जीप गेली, मी रिटायर झालो आणि दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी आमच्या दारात एक नवीकोरी छोटी गाडी आली. माझी नव्हे, बायकोची. शैला शाळेत शिक्षिका होती. पन्नाशीला टेकल्यावर तिनं गाडी शिकायला घेतली, दोनदा परीक्षेत नापास झाली, तिसऱ्यांदा लायसन घेऊनच घरी आली. आणि त्याच वर्षी तिला बढती मिळाली, मुख्याध्यापिका म्हणून. शाळा कुठली? बिद्रीच्या अलीकडं तिच्या स्वतःच्या गावची! ज्या शाळेत ती अनवाणी शिकली, जिथं मधल्या सुट्टीत कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत तिला बाजूला थांबायला लागायचं, त्याच शाळेत ती आता मोठ्या खुर्चीत बसणार होती. सोमवारी सकाळी साडेदहाला हजर व्हायचं होतं. एस.टी.नं नाही, माझ्या शेजारी बसून नाही. स्वतः गाडी चालवत! तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शाळेच्या फाटकात येऊन उभ्या राहणार होत्या. त्यांनी महिनाभर आधीपासून अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं, "माझी शैला स्वताच्या हातानं गाडी हाणत येतीया."

आणि आदल्या दिवशी, रविवारी सकाळी नऊ वाजता, मला दुर्बुद्धी सुचली.

"शैला, एवढं लांब जायचं, तर ऑईल बदलूनच जाऊ."

"अहो, शोरूमवाले करतील पुढच्या आठवड्यात. त्यांचं ते कामच आहे."

"शोरूमवाले? कालची पोरं ती! मी इंजिनात तेवीस वर्षं काढली."

"स्टोअरमध्ये," शैला म्हणाली. (घरात मान ठेवायची पद्धत नाही आमच्याकडं.) "बरं, निदान गाडीबरोबर आलेलं पुस्तक तरी वाचा."

"पुस्तक वाचून कुणी इंजिन खोललंय काय? तू तुझं भाषण वाच."

ती भाषण वाचायला गेली. मी आणलेला नवीन ऑईलचा डबा आणि फिल्टर काढला, बनियन-हाफ पँट चढवली आणि दारात आलो. तोवर गल्लीला वास लागलाच होता. पहिले धोंडीमामा आले. त्यांची म्हैस आमच्या घरासमोरच्या खुंट्याला असते आणि तिला बारा महिने गोचीड असतात. मागोमाग शेजारच्या आक्का कडीची किटली घेऊन. "जयभीम इंजिनियर! चौकटीला लई वाळवी लागलीया बघा." शेवटी कोपऱ्यावरचे रज्जाकभाई, टेलर. त्यांच्या दुकानाचं शटर उघडताना पुढच्या चौकापर्यंत ऐकू जायचं.

"सगळ्यांना मिळणार!" मी जाहीर केलं आणि गाडीखाली शिरायला आडवा झालो.

शिरलोच नाही! ही काय जीप होती? गाडी जमिनीला पोट टेकून बसलेली. माझं डोकं गेलं, खांदे गेले आणि पोट बंपरला अडलं.

"श्वास सोडा की, इंजिनियर!" धोंडीमामा ओरडले.

"सोडलाय!"

"मग आत्ता हाय ते नुसतं पोटच व्हय?"

मला बाहेर ओढण्यात आलं. मग बांधकामाच्या उरलेल्या विटा आणि फळ्या रचून दोन उतरत्या पायऱ्या केल्या आणि रज्जाकभाईंच्या "येऊ द्या, येऊ द्या, बास्स!" वर मी पुढची चाकं पायऱ्यांवर चढवली. तासभर गेला. पण आता पोटासकट आत जाता आलं. आत गेलो, वर बघितलं, आणि इंजिन गायब!

खरं सांगतो, इंजिन नव्हतंच. होता तो एक काळा प्लॅस्टिकचा पत्रा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हल्लीच्या गाड्यांना खालून असं झाकण लावतात, हे मला कोण सांगणार? बरं, लावलंय तर लावलंय, ते बोल्टनं तरी लावावं! तर नाही. प्लॅस्टिकच्या टिचभर टिकल्या. पाना लागत नाही, पकड बसत नाही. दाबायच्या का ओढायच्या का फिरवायच्या, काही कळेना. मी दाबली, कट्ट. ओढली, कट्ट. फिरवली, कट्ट! तेरा टिकल्यांपैकी आठ मोडल्या आणि बाकीच्या पाच माझ्या अंगठ्यात घुसून सुटल्या. रज्जाकभाई वाकून बघत होते. ते म्हणाले, "कापू का कात्रीनं? मागनं टाका घालून देतो की."

"हे कापड आहे होय?"

"मटेरिअल कुठलंबी असू दे, टाका तो टाकाच."

अखेर तो पत्रा माझ्या तोंडावर पडला. आणि पत्रा बाजूला केल्यावर मला दिसला बोल्ट. मोठा, ठळक, चकचकीत, थेट माझ्याकडंच बघणारा! जीपची आठवण होऊन मला गहिवरून आलं. पाना लावला, जोर केला, बोल्ट सुटला आणि घमेल्यात धार लागली. सोनेरी, मधासारखी, घट्ट धार.

बाहेर तीन डोकी वाकली होती. 

"इंजिनियर," धोंडीमामा म्हणाले, "हे तर गोडंतेल हाय."

"नवी गाडी आहे मामा! हल्लीच्या गाडीत ऑईल काळं होतच नसतं. टेक्नॉलॉजी!"

"वास कसला म्हणायचा ह्यो?" आक्कांनी नाकाला पदर लावला.

"ताकदीचा."

"पर वाळवी मरंल का ह्यानं? आजवर कसं काळंकुट्ट असायचं."

"आक्का, काळ्यातली ताकद वापरून संपलेली असते. ह्यात अजून शिल्लक आहे!"

एवढं शास्त्र ऐकल्यावर कोण बोलणार? दोनेक लिटर निघालं. मी वाटणी केली. धोंडीमामांची बाटली, आक्कांची किटली, रज्जाकभाईंचा डबा, आणि तळाशी राहिलं ते घमेल्यात. सगळे खूश होऊन गेले. बोल्ट मी मोठ्या जोरानं आवळून टाकला.

राहिला फिल्टर. जीपचा फिल्टर शेजारणीसारखा, हाक मारली की समोर. ह्या गाडीचा इंजिनाच्या मागं, दोन पाइपांच्या आड, अशा जागी बसवलेला की तिथं हात जाईल तर मनगट वळणार नाही आणि मनगट वळेल तर हात जाणार नाही. ज्यानं तो बसवला त्याच्या एकेका हाताला बहुतेक दोन-दोन कोपर असावेत! मी पट्टा टाकून बघितला, सुतळी गुंडाळून बघितली. शेवटी वैतागून त्यात स्क्रू-ड्रायव्हर हातोड्यानं ठोकला आणि आडवा धरून पिळला. फिल्टर फिरला. त्याबरोबर भोकातनं ऑईल आलं ते माझ्या कपाळावर, डोळ्यात आणि कानात. काळं कुळकुळीत!

इथं थांबून मी कबूल करतो. खालून पिवळं निघालं आणि फिल्टरमधून काळं. कुठल्याही शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. मी फक्त तोंड पुसलं.

नवा फिल्टर बसवला, वरून तीन लिटर नवीन ऑईल ओतलं आणि मोजायची पट्टी काढून बघितली. पट्टीवर दोन खुणा असतात, कमीची आणि जास्तीची. ऑईल दोन्ही खुणा ओलांडून मुठीपर्यंत आलेलं! मी म्हटलं, असू दे, लांब जायचं आहे, वाटेत कमी पडायला नको. गाडी विटांवरून खाली घेतली, म्हणजे हँडब्रेक सोडला आणि ती आपली आपण आली. मग हाक मारली, "शैला! ये, चालू करून बघ! मान तुझा!"

शैला आली. भाषणाचा कागद कमरेला खोचलेला. सीटवर बसली, सीट पुढं घेतली, आरसा बघितला (ती सगळं शिकवल्याप्रमाणं करते) आणि चावी फिरवली.

"जाळ अन् धूर संगटच!" धोंडीमामा ओरडले.

जाळ नव्हता. पण धूर! सायलेन्सरमधून असा निळा-पांढरा धूर निघाला की पहिल्यांदा रज्जाकभाईंचं दुकान दिसेनासं झालं, मग आक्कांचं घर, मग आक्का. त्यांचे गच्चीवर वाळत घातलेले सांडगे खोकत खोकत कुणीतरी गोळा करत होतं. म्हशीनं खुंटा उपटला. शैलानं घाबरून गाडी पुढं घ्यावी म्हणून पहिला गिअर टाकला, तर आतून जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज आला. तिनं झटक्यात गाडी बंद केली.

"हे काय आहे?" धुरातून तिचा आवाज आला.

"नवीन ऑईल जागेवर बसतंय. सवय होईल गाडीला."

 खाली उतरली, गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि पायरीवर बसून वाचायला लागली. आम्ही सगळे धुरात उभे. वर्गात बाई पेपर तपासत असतात तेव्हा पोरं उभी राहतात तसे! धोंडीमामा म्हशीला धरून आले होते, तेही रांगेत. धूर विरला तरी ती वाचतच होती. मध्येच एक पान मागं गेली, परत पुढं आली.

"अहो, इकडं या. कुठला बोल्ट सोडला?"

"मोठा."

"चित्रात दाखवा."

मी बोट ठेवलं. बोटाचा काळा ठसा उमटला.

"हा गिअरबॉक्सचा आहे," शैला म्हणाली. "इंजिनाचा हा, पलीकडचा."

 "म्हणजे इंजिनातलं जुनं ऑईल?"

"इंजिनातच आहे."

"आणि मी घातलेलं नवीन?"

"तेही इंजिनातच."

"मग गिअरबॉक्समध्ये?"

 सगळ्यांनी म्हशीकडं बघितलं. धोंडीमामांनी तिला पाठीवर, मानेला, शेपटीच्या बुडाला असं झक्क चोळलं होतं. उन्हात ती नुसती झळकत होती.

शैलानं चष्मा काढून पदरानं पुसला. मला वाटलं आता ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या आई फाटकात उभी राहणार आहे." आणि आत गेली.

मी तिथंच विटांवर बसलो. साठीच्या माणसाला रस्त्यात रडू येणं बरं दिसत नाही, पण आलं. इंजिनियर म्हणवून घ्यायची हौस माझी, आणि मोडायला निघालं ते तिचं आयुष्यभराचं स्वप्न! मला स्वतःचीच एवढी चीड आली की तो तेरा टिकल्यांचा पत्रा डोक्यावर घेऊन पंचगंगेत उडी मारावी असं वाटलं. मग सायकल काढली आणि थेट शाहूपुरी गाठली.

रविवारी दुपारी शाहूपुरीत पार्टच्या दुकानांची ओळच्या ओळ बंद. एकाचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत बघितलं तर मालक पोत्यावर आडवे.

"गिअर ऑईल आहे का?"

"हाय की, पावणं. बॅरलच्या बॅरल हाय."

"द्या, द्या! दोन लिटर!"

"माल गोदामात. गोदामाची किल्ली भावाकडं. भाऊ गेलाय जोतिबाला. उद्या दहाला या की निवांत!"

उद्या दहाला शैला शाळेच्या रस्त्यावर असायला हवी होती. मी परत फिरलो. मेकॅनिक बघितला तर तो मेव्हण्याच्या लग्नाला गेलेला.

घरी आलो तर दारात गर्दी.  बघतो तर शैला साडी खोचून मधोमध उभी, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात फूटपट्टी! आणि भिंतीवरच्या आमच्या फळ्यावर, ज्यावर ती शिकवणीच्या पोरांना गणितं घालायची, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पिवळं आणा, काळं न्या.

"आलात? चला, खाली शिरा," ती म्हणाली. "डोकं चालवायचं नाही. मी सांगते तेवढं फिरवायचं. सतरा नंबरचा पाना."

सतरा नंबर! मी न बघता पेटीतनं उचलला. (तेवीस वर्षं वाया गेली असं कुणी म्हणू नये.) परत विटा, परत पोट, परत श्वास. तिनं पायरीवरून वाचून सांगितलं, "डावीकडं हात, अजून डावीकडं, पाइपाच्या खाली," आणि तिथं, एका कोपऱ्यात, लाजून बसल्यासारखा खरा बोल्ट होता. तो सोडल्यावर सहा लिटर ऑईल आलं. काळं, दाट, बादली भरून!

गल्लीत आनंदीआनंद झाला. "आत्ता कसं!" धोंडीमामा म्हणाले. "ह्येला म्हणायचं ऑईल. मघाचं बघून मला तवाच वाटलं हुतं."

"मग तेव्हाच बोलायचं की!" मी गाडीखालून ओरडलो.

"बोललो की! तुम्ही म्हणला टेक्नॉलॉजी!"

"ऐका सगळ्यांनी," शैला वर्गातल्या आवाजात म्हणाली. "ह्यातलं तीन लिटर परत इंजिनात जाणार. उरलेलं तीन तुमचं. पण आधी मघाचं पिवळं परत पाहिजे. जेवढं आणाल तेवढंच काळं मिळेल. रांग धरा."

रज्जाकभाईंनी डबा जसाच्या तसा आणला. रविवारी दुकान बंद, त्यामुळं शटर वर करायचा प्रश्नच आला नव्हता. आक्का किटली घेऊन आल्या. "एकच बाजू लावली बघ चौकटीची. दुसरीला हात लावला न्हाय." मग त्यांनी हळूच पदराखालून एक वाटी काढली. "आन् हे निपटून आणलंय. खाली वघळ आलंतं तेवढं." धोंडीमामांची बाटली बऱ्यापैकी भरलेली होती, पण माझं समाधान होईना.

"मामा, अजून पाहिजे होतं हो थोडं."

"बाकीचं हिच्या पाठीवर हाय की! आता काय हिला पिळू?"

रज्जाकभाईंनी मलमलचा तुकडा आणला आणि ते सगळं पातेल्यात दोनदा गाळून घेतलं. आक्कांच्या किटलीतून एक झुरळ निघालं, ते बाजूला ठेवलं. शैलानं स्वयंपाकघरातल्या मापानं मोजलं. घमेल्यातलं धरून पावणेदोन लिटर. पुस्तक म्हणत होतं दोन.

"चालेल," ती म्हणाली. "हळू जाईन. आणि परवा गाडी थेट शोरूमला."

आता घालायचं कसं? नव्या गाड्यांना गिअरबॉक्समध्ये ऑईल घालायचं भोक असतं बोटाएवढं, तेही बाजूला, आडवं. फनेल उभं धरलं तर भोकात जाईना. आडवं धरलं तर ऑईल माझ्या बाहीत. शोरूमवाल्यांकडं म्हणे त्यासाठी पंप असतो. अर्धी वाटी माझ्या बगलेत गेल्यावर धोंडीमामांनी माझे पाय धरून मला बाहेर ओढलं.

"सरका, इंजिनियर. तुमचं काम न्हवं हे."

ते गोठ्यात गेले आणि बांबूची नळी घेऊन आले. एका बाजूनं तिरकी तासलेली, म्हशीला औषध पाजायची! शैलानं ती गरम पाण्यानं धुऊन, पुसून दिली. मामा गाडीखाली आडवे झाले (त्यांना पोटच नाही), नळीचं तोंड त्या भोकात तिरकं बसवलं, आणि मी ऐकलं ते खोटं वाटेल, पण अख्खी गल्ली साक्षीला आहे.

"गप बाय... गप... आ कर... आता गिळ... शाणी गं माझी!"

प्रत्येक नळीनंतर ते गिअरबॉक्सला खालून थोपटत होते. एकदा तर गळा चोळतात तसा एक पाइपही चोळला! आणि एक थेंब बाहेर पडला नाही. दिवेलागणीच्या आधी उरलेलं सगळं पिवळं आत. इंजिनात तीन लिटर मोजून ओतलं, ते शैलानं स्वतः. पट्टी काढून बघितली, ऑईल दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये. प्लॅस्टिकचा पत्रा रज्जाकभाईंनी जाड दोऱ्यानं शिवून टाकला. "पक्का टाका घातलाय," ते म्हणाले, "गाडी जाईल, टाका जाणार न्हाय."

गाडी विटांवरून खाली घेतली आणि शैलानं चावी फिरवली. सगळ्यांनी आधीच नाकं झाकली होती. गाडी दोनदा खोकली, थोडा धूर सोडला आणि मग गुरगुरायला लागली. पहिला गिअर पडला, आवाज नाही. दुसरा पडला, आवाज नाही. गल्लीत ही टाळी वाजली! शैला गल्लीला एक फेरी मारून आली आणि उतरल्यावर पहिल्यांदा दिवसभरात हसली. माझ्याकडं बघून नव्हे, धोंडीमामांकडं बघून. पण मला चाललं.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. शैला चालवत होती, मी डावीकडं. मी तीनदा साबण लावून आंघोळ केली होती, दगडानं घासलं होतं, तरी नखं, कान आणि डोळ्यांच्या कडा काळ्याच. त्यात वाटेत तो शिवलेला पत्रा थोडा फडफडल्यासारखा वाटला, म्हणून मी पांढरा शर्ट घालून खाली वाकून बघितलं. टाका शाबूत होता. शर्ट नव्हता.

शाळेशी पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पोरं दोन ओळींत उभी, आणि फाटकात सासूबाई. नवं लुगडं, डोक्यावर पदर. शैलानं गिअर कमी केला, वळण घेतलं आणि गाडी अशी अलगद फाटकातून आत आणली की पोटातलं पाणी हललं नाही. सासूबाईंनी आधी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, मग लेकीच्या तोंडावर. "आलीस गं बाय माझी," एवढंच त्या म्हणाल्या, आणि दोघी गळ्यात पडल्या.  मी तोंड फिरवून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि उरलेला चेहराही काळा करून घेतला.

पोरांनी फुलं दिली, शिक्षकांनी नमस्कार केले. मग शिपाई लगबगीनं आला. त्यानं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं आणि शैलाला अदबीनं विचारलं, "म्याडम, सरपंच आन् मंडळी हापिसात बसल्यात. चला की. आन् तुमच्या किलीनरला च्या हितंच दिऊ का?"

शैला माझ्याकडं वळली. मी डोळ्यांनी खूप सांगितलं. तीस वर्षांचा संसार, काहीतरी बोलेल ना!

"हितंच द्या," ती म्हणाली. "बरोबर बिस्किटं पण द्या. फक्त बॉनेटजवळ बसू देऊ नका."

चहा चांगला होता. बिस्किटं चार मिळाली. तेव्हापासून मी त्या गाडीचा क्लीनर आहे, आणि मला काचा पुसायची परवानगी आहे. काचा मी फार सुंदर पुसतो, कुणालाही विचारा. एक वायपर तेवढा मोडला, पण तो काही पुसताना मोडला नाही. मी तो दुरुस्त करत होतो!